कपाचा कान सारखा सुटतोय, जोडाला चीर जातेय? आधी हे तपासा

हे चाकावरच्या पॉटरीसाठी नाहीये. हाताने, म्हणजे मातीची पोळी लाटून नाहीतर वळ्या रचून जो कप करतात आणि त्याला वरून कान चिकटवतात, त्याच्यासाठी आहे. ठाण्यात एका छोट्या स्टुडिओत रविवारच्या बिगिनर बॅचला मी मदतीला असते. मित्रमैत्रिणींचे ग्रुप येतात, दोन-अडीच तासांत प्रत्येकाचा एक कप होतो, फोटो होतात, सगळे घरी जातात आणि कप आमच्याकडे सुकायला राहतात, त्यामुळे बुधवार-गुरुवारकडे "तुमच्या कपाला क्रॅक आलाय" असा फोटो पाठवायचं आणि वाचवता येतील तेवढे वाचवायचं काम माझ्याच गळ्यात. एवढ्या वेळा हे दुरुस्त केलंय की आता चीर कुठे आहे ते बघूनच साधारण कळतं काय झालं असणार. आणि बहुतेक वेळा एकच झालेलं असतं, कप आणि कान चिकटवताना एक जास्त ओला होता आणि दुसरा कमी. लोकांना वाटतं चिकटवायला कमी पडलं, आणि पुढच्या वेळी वाटीभर स्लिप (माती पाण्यात कालवून केलेला चिकटवायचा चिखल) थापतात, त्याने अजूनच बिघडतं.

आधी लक्षणं

फोटो झूम करून बघा, किंवा स्टुडिओत जवळून काढून मागवा, कारण चीर कुठे आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

- कानाच्या वरच्या जोडाला, अगदी शिवणीवर, केसाएवढी रेघ. सगळ्यात जास्त दिसणारं हेच.
- कान अख्खा निघून हातात आला आणि चिकटवायच्या आधी कपावर टूलने मारलेल्या रेघा जशाच्या तशा दिसतायत.
- जोड ठीक आहे पण कानाच्या बाहेरच्या वळणावर आडव्या बारीक भेगा.
- जोडही ठीक, कानही ठीक, पण कानाच्या शेजारची भिंत चिरलीय.
- काठापासून खाली येणारी उभी चीर, किंवा आतून भिंत आणि तळ मिळतात तिथे गोल फिरलेली चीर. (हिचा कानाशी संबंध नसतो, खाली वेगळं लिहिलंय.)
- भट्टीत जाईपर्यंत काहीच नव्हतं, बाहेर आल्यावर चीर.

एक युक्ती सांगते, चिरेचं रुंद टोक कुठलं ते बघा. चीर जिथून सुरू होते तिथे ती जास्त उघडलेली असते आणि पुढे बारीक होत जाते. काठाला रुंद असेल तर काठ आधी सुकला. जोडाला रुंद असेल तर जोडाचाच प्रॉब्लेम, भिंतीला दोष देऊ नका.

आणि ती खरंच चीर आहे का नुसती टूलची रेघ, हे कळत नसेल तर ओल्या ब्रशने तिथे पुसटसं पाणी फिरवा आणि थांबा. आजूबाजूचा भाग लगेच सुकून फिका पडतो, चिरेत पाणी मुरतं म्हणून ती थोडा वेळ गडद रेघ होऊन दिसत राहते.

फुकटात होणारी तपासणी: गालाला लावा

हे दुरुस्तीसाठी नाही, पुढचा कप करताना चिकटवायच्या आधी करायचं, पण इथेच बहुतेक प्रॉब्लेम संपतो म्हणून सगळ्यात वर. कप गालाला लावा, नंतर कान गालाला लावा. ओली माती थंड लागते, सुकत आलेली तेवढी थंड लागत नाही. दोघांत फरक जाणवला तर चिकटवू नका. दुसरी खूण नखाची, दोन्हीकडे हलकं नख दाबायचं, दोन्हीकडे सारखाच खोल ठसा उमटला पाहिजे. कपाची भिंत आपला आकार धरून उभी राहते पण नखाचा ठसा घेते, स्टुडिओत ज्याला लेदर हार्ड म्हणतात, त्याच्या किंचित अलीकडची ओल जोडायला सगळ्यात चांगली.

हे का, तर पाणी गेलं की माती आकसते. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती नुसती सुकतानाच साधारण ५ ते ६ टक्के आकसते, आणि भट्टीतून ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) होऊन बाहेर येईपर्यंत एकूण १० ते १३ टक्के, मातीप्रमाणे थोडं इकडे तिकडे. आता १० सेंटीमीटरची पट्टी कानासाठी घेतली तर ती सुकताना ५-६ मिलीमीटर लहान होणार. कपाने तोवर त्याचं निम्मं आकसणं उरकलेलं असेल तर कान त्याच्यापेक्षा दोन-तीन मिलीमीटर जास्त ओढला जाणार, आणि तो ओढला जाणार कुठून, तर दोन्ही टोकांनी जिथे तो बांधलाय तिथून. तो ताण कुठेतरी निघणारच, आणि सगळ्यात कच्ची जागा म्हणजे जोड, म्हणून जोड उघडतो. स्लिप कितीही लावली तरी हे गणित बदलत नाही.

ग्रुपच्या क्लासमध्ये हे जास्त का होतं तेही बघा. कपाचं नळकांडं आधी होतं, तळ चिकटतो, तिथपर्यंत सगळ्यांचा उत्साह असतो. नंतर चहा येतो, कोणीतरी रील काढतं, कोणाची पोळी फाटली म्हणून सगळे तिच्या टेबलाशी जमतात, आणि तोवर तो कप पंख्याखाली अर्धा तास उघडा पडलेला असतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत शिकवणाऱ्या ताई म्हणतात "चला आता कान लावून घ्या", की पिशवीतून ताजा ओला गोळा काढून त्याचा कान वळला जातो आणि सुकत आलेल्या कपावर ठोकला जातो. तो सुटणारच!

उपाय एकदम स्वस्त आहे. आल्या आल्या पहिलं काम म्हणजे कान करून ठेवायचा, त्याच दिवशीच्या त्याच मातीचा. त्याला हव्या त्या वळणात लाकडी फळीवर आडवा ठेवून द्यायचा, म्हणजे कपाचं काम होईपर्यंत तोही थोडा आवळतो. आणि आपण टेबलावरून उठलो की कपावर प्लास्टिकची पिशवी, अगदी भाजीवाल्याची पातळ पिशवी चालते. कप जास्तच सुकलाय असं वाटलं तर जोडाच्या जागी स्पंजने ओल देऊन पिशवीत बांधून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, नुसतं वरवर पाणी लावून लगेच चिकटवू नका, वर चिखल आणि आत कोरडं असं होतं.

दोन पैशांची तपासणी: पंखा, पिशवी, पेपर

जोडताना सगळं बरोबर होतं आणि तरी तिसऱ्या दिवशी चीर आली, तर सुकवण्यात गडबड आहे. कान बारीक असतो आणि त्याला चारी बाजूंनी हवा लागते, कपाच्या भिंतीला आतून फारशी लागत नाही, म्हणून कान आधी सुकतो आणि आधी आकसतो. म्हणजे ओल सारखी असलेले दोन तुकडे आपण परत वेगवेगळे केले. कानावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, कप उघडा राहिला तरी चालेल पण कान झाकलेला हवा, आणि एक-दोन दिवसांनी ती काढा. अख्ख्या कपावर पिशवी सैल टाकलेली बरी, घट्ट बांधली तर आत पाणी धरतं.

आपल्याकडचं हवामान इथे दोन्ही बाजूंनी छळतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत हवा कोरडी असते, त्या दिवसांत कानाच्या तक्रारी वाढतात कारण एका रात्रीत कान खडखडीत होतो. जुलैत उलटं, घोडबंदरच्या बाजूला असो की खाली नेरूळ-बेलापूरला, सगळीकडे दमट, दहा दिवस झाले तरी कप सुकत नाही, बाहेरून फिका दिसतो आणि आत ओला असतो. मग लोक वैतागून एसीसमोर नाहीतर हेअर ड्रायर लावून सुकवतात आणि एकाच बाजूची भिंत चिरून घेतात. पावसाळ्यात पिशवी काढा, पंखा लांबून आणि थेट कपावर नाही असा चालू ठेवा, कप रोज थोडा फिरवून ठेवा, बस. घाई करायचं काही कारण नाही, भट्टी तशीही भरल्याशिवाय कोणी लावत नाही.

काठाची आणि तळाची चीर असेल तर कान विसरा, इथे बघा. कप प्लास्टिकवर किंवा सनमायकावर सुकायला ठेवला होता का? तळाला हवाच लागत नाही, काठ सुकून आकसतो आणि तळ ओलाच, शिवाय तळ खाली चिकटलेला असल्यामुळे आकसताना सरकूही शकत नाही. खाली वर्तमानपत्र घाला, आणि काठ हात लावता येण्याइतका घट्ट झाला की कप उलटा करून ठेवा. काठ पाण्याने सारखा सारखा गुळगुळीत केला असेल तरीही तिथे चीर येते. ओल्या बोटाने काठ चोळण्यापेक्षा ओलसर चामड्याची किंवा प्लास्टिकची पट्टी दाबून फिरवा, माती दाबली गेली की काठ बळकट होतो.

जोड नीट झालाय का

आता स्लिपचं. हे तिसऱ्या नंबरवर मुद्दाम ठेवलंय कारण सगळे इथूनच सुरू करतात. कान अख्खा निघून आला आणि खालच्या रेघा स्वच्छ दिसतायत, तर जोड झालाच नव्हता, नुसता चिकटून बसला होता.

रेघा दोन्हीकडे हव्यात, कपावरही आणि कानाच्या टोकावरही, आडव्या-उभ्या, एक-दीड मिलीमीटर खोल. बरेचजण कपावर छान जाळी काढतात आणि कानाचं टोक तसंच गुळगुळीत ठेवतात. स्लिप इतकी जाड हवी की ब्रशवरून ओघळायला नको, पातळ स्लिप म्हणजे जोडात जास्तीचं पाणी, आणि जास्तीचं पाणी म्हणजे तिथेच जास्त आकसणं, परत तेच. स्लिपमध्ये पांढऱ्या व्हिनेगरचे थोडे थेंब टाकले तर ती घट्ट आणि चिकट होते, बरेच लोक हे करतात, किराणातली छोटी बाटली वर्षभर पुरते.

आणि स्लिपची वाटी कुठली? टेबलावर मधोमध एक वाटी असते, तिच्यात सगळे बोटं बुडवतात, आणि कधीकधी शेजारच्या टेबलावर टेराकोटाचं काम चालू असतं. स्लिप तुमच्याच मातीची हवी, कारण दुसऱ्या मातीचं आकसणं वेगळं. रंगावरून शंका आली तर स्वतःच्या गोळ्यातला तुकडा पाण्यात कुस्करून स्वतःची स्लिप करा, पाच मिनिटांचं काम. गणपतीच्या आधीच्या वर्कशॉपमधली उरलेली शाडू माती घेऊन एक मैत्रीण आली होती, "हीच वापरू का थोडी", म्हणून विचारत होती. नाही, शाडू यात मिसळायची नाही. शाडूची मूर्ती नुसती सुकवायची असते, हे भट्टीत जाणार आहे. मात्र शाडूच्या मूर्तीचा हात खांद्यापाशी चिरतो ना, ते कारण अगदी हेच.

चिकटवताना कपाच्या आत एका हाताची बोटं आधाराला धरायची आणि बाहेरून कान दाबत किंचित डावी-उजवीकडे हलवायचा. सुरुवातीला तो सरकतो, आणि मग एका क्षणी धरतो, हलायचा बंद होतो, हाताला ते स्पष्ट कळतं. तिथे थांबायचं. कडेने बाहेर आलेली स्लिप लाकडी टूलने काढायची आणि जोडाच्या खाचेत बारीक वळी, सुतळीएवढी, दाबून बसवायची आणि सारखी करायची. ही वळी शोभेची नाही. खाच टोकदार राहिली तर सगळा ताण त्या टोकावर येतो आणि चीर तिथूनच निघते, ती भरून गोलसर केली की ताण पसरतो. घाईत सगळे नेमकी हीच पायरी गाळतात.

कानाच्या शेजारची भिंत चिरली असेल तर जाडी बघा. कान गुबगुबीत आणि भिंत पातळ, तर कानच भिंतीला ओढतो. भिंत सहा-सात मिलीमीटर असेल तर कान तेवढाच किंवा थोडासाच जाड. हत्तीच्या आकाराचे कान फोटोत गोड दिसतात, मान्य, पण ते वेगळ्या हिशोबाने करायला लागतात.

मातीच आळशी आहे का

कानाच्या वळणावर आडव्या भेगा म्हणजे मातीतच दोष. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. बाहेरच्या बाजूने लगेच तडकली तर माती कोरडी आहे किंवा नीट मळलेली नाही. परत परत वापरलेली, फळीवर सुकून गोळा केलेली माती असेल तर हे हमखास होतं. ओलं फडकं घालून पिशवीत बांधून ठेवा आणि परत मळा, किंवा सरळ नवीन गोळा मागा. ताई रागावत नाहीत, त्यांनाही नंतर रडका फोन नको असतो.

अजून एक, सरळ कापलेली पट्टी घट्ट झाल्यावर जबरदस्तीने वाकवू नका. मातीला आधीचा आकार लक्षात राहतो, सुकताना आणि भट्टीत ती परत सरळ व्हायला बघते आणि कान तिरका होतो. मऊ असतानाच वळण द्या.

आणि कृपा करून न भाजलेला कप कानाला धरून उचलून फोटो काढू नका. दोन्ही हातांनी, तळाखालून. पूर्ण सुकलेला कप ओल्या कपापेक्षा कितीतरी ठिसूळ असतो, लोकांना वाटतं कडक झाला म्हणजे मजबूत झाला. काही जण कच्चा कप घरी न्यायचा हट्ट करतात, "घरीच सुकवते ना". ट्रान्स हार्बरच्या लोकलने संध्याकाळी ठाण्याहून वाशीला उभ्याने जाऊन बघा एकदा, किंवा घोडबंदरच्या खड्ड्यांतून रिक्षाने. जोडाला जी चीर दिसत नाही ती तिथे पडते. स्टुडिओत राहू द्या.

आलेली चीर दुरुस्त करायची असेल तर

माती अजून थंड लागतेय, नख जातंय, तर जमेल. चीर वरून लिंपायची नाही, आधी उघडायची. निडल टूलने (सुईसारखं टोक असतं ते) ती खोल आणि रुंद करा, आत रेघा मारा, व्हिनेगर घातलेली जाड स्लिप भरा, वर त्याच मातीची मऊ वळी दाबा, लाकडी टूलने दाबून दाबून सारखी करा, आणि पिशवीत घालून दोन दिवस विसरून जा. उघडल्यावर परत रेघ दिसली तर अजून एकदा करून बघा, तिसऱ्यांदा करू नका, त्या जोडात ताण आहे.

पूर्ण सुकलेल्या कपाला अगदी बारीक रेघ असेल तर स्लिपमध्ये टिश्यू पेपर भिजवून त्याचा लगदा केला की त्याने भरता येते, कागदाचे तंतू धरून ठेवतात. कागद भट्टीत जळून जातो आणि थोडा धूर होतो म्हणून स्टुडिओत सांगून करा. सुकल्यावर पॉलिश पेपरने घासू नका. मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाते, ओल्या स्पंजनेच सारखं करायचं, झाडूही मारायचा नाही, ओलं फडकं.

कान पूर्ण सुकून तुटला असेल तर माझं मत विचाराल तर सोडून द्या. जोडता येतो, टिकेल की नाही ते भट्टीच ठरवते, आणि बऱ्याचदा ती नाही म्हणते. कप पाण्याच्या बादलीत टाका, खडखडीत सुकलेली माती पाण्यात भराभर विरघळते, अर्धवट ओली तशी विरघळत नाही, आणि ती माती परत वापरता येते. किंवा कान काढून टाकून तसाच बिनकानाचा कप भाजा, जोडाची जागा स्पंजने सारखी करून. कुल्हडला कुठे कान असतो.

इथे थांबा, पुढे भट्टीवाल्यांना विचारा

चिरेतून उजेड दिसतोय, म्हणजे मोबाइलचा टॉर्च आत धरला आणि बाहेर रेघ चमकली, तर तुम्ही काहीही भरू नका, स्टुडिओला दाखवा. भट्टीत असा कप फुटला किंवा कान गळून पडला तर शेजारच्या कपांवर पडतो, ग्लेझ असेल तर भट्टीची फळीही खराब होते, आणि ते कप तुमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाचे तरी असतात.

घरच्या ओटीजीत, मायक्रोवेव्हमध्ये, गॅसवर भाजायचा प्रयत्न अजिबात करू नका. आत ओल असेल तर १०० अंशाच्या पुढे तिची वाफ होऊन तुकडे उडतात, आणि ओटीजी २५० च्या आसपास संपतो. मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणीच साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघतं, त्याच्या आधी ती पाण्यात टाकली तर परत चिखल. पहिली भाजणी १,००० च्या आसपास आणि स्टोनवेअरचं ग्लेझ १,२०० च्या वर. ते घरचं काम नाही.

पहिल्या भाजणीनंतर कपाला टिचकी मारा, आपण माठ घेताना मारतो तशी. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, दिसत नसली तरी. इथून पुढचा निर्णय भट्टी लावणाऱ्यांचा. "ग्लेझ लावू, चिकटून जाईल" असं होत नाही, ग्लेझच्या भाजणीत माती परत आकसते आणि चीर उघडते.

ग्लेझ होऊन कप हातात आल्यावर चीर दिसली, तर तिची कड बोटाने नाही, डोळ्यांनी बघा. ग्लेझची कड गोल होऊन चिरेत वळलेली असेल तर चीर आधीपासून होती, म्हणजे वरचं जोडण्या-सुकवण्याचं काहीतरी. कड काचेसारखी धारदार असेल तर चीर भट्टी थंड होताना पडलीय, ५७३ अंशाला मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकार बदलतं, तिथे घाईने थंड झालं की तडा जातो. ती तुमच्या कानाची चूक नाही, एकाच भट्टीतल्या दोन-चार कपांना अशी धारदार चीर असेल तर सगळ्यांचे फोटो एकत्र करून स्टुडिओला पाठवा, त्यांना भट्टीचा वेग बघावा लागेल.

आणि ग्लेझ झालेल्या कपाचा कान हलतोय किंवा चिरलाय तर त्यात चहा ओतू नका. इपॉक्सीने चिकटवून तर नाहीच, गरम चहाचा भरलेला कप कानाने उचलल्यावर तो सुटला तर मांडीवर येतो. पेनं ठेवा त्यात, नाहीतर तुळशीचं रोप.